इन्स्पेक्टरबाईंची देवयानी

मी एकदा माझ्याच अंगठ्याच्या डागाला आकाशातली दीर्घिका समजले होते. नुसती समजले असते तर झाकून गेलं असतं. मी ओरडले. "सापडली! सापडली!" अशी माझ्या माहेरी, राहू गावच्या शिवारात बोंब ठोकली, की माझ्या भावाला, आप्पाला वाटलं बिबट्याच आला, आणि तो काठी घेऊन धावला. पन्नाशी उलटलेली, दोन सुनांची सासू झालेली बाई मी, आणि दुर्बिणीच्या भिंगाला वांग्याच्या भाजीचं तेल लावून त्यात विश्वरूपदर्शन घेत होते. हसा खुशाल. मीही हसते.

पण त्या संध्याकाळी खाटेवर माझ्या शेजारी ज्या बाई होत्या, त्यांची ओळख करून द्यायची तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. कारण तो डाग त्यांनीही पाहिला होता, आणि त्यांनाही तो डाग वाटला नव्हता. आणि डाग ओळखणं हाच तर त्यांचा धंदा होता.

तेव्हा माझी कारेगावात खानावळ होती. सासर न्हावऱ्याचं, माहेर राहूचं आणि पोट कारेगावचं, असं मी म्हणायचे. जेवायला येणारी सगळी कंपनीतली माणसं. त्यात एक दिवस या बाई आल्या. चाळिशीच्या पुढच्या, सावळ्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा. मी ताट पुढं ठेवलं. त्यांनी त्यातली वाटी उचलली, छताच्या ट्यूबखाली तिरकी धरली, एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिली, आणि खाली ठेवली.

"परत."

"परत म्हंजी?"

"कडेला डाग हाय, मावशी."

मी वाटी डोळ्यांशी नेली. काही नाही. ट्यूबखाली नेली, तेव्हा दिसला. मोहरीएवढा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "बाई, जेवायला आलाय का तपासायला?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या, आणि दुसरी वाटी उजेडात धरून बोलल्या, "ओके."

समोरच्या बाकावरची पोरं खो खो हसली, आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव इन्स्पेक्टरबाई पडलं. खरंच इन्स्पेक्टर होत्या. गाड्यांचे पुढचे दिवे करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायच्या. दिव्याची काच हातात घ्यायची, पांढऱ्या उजेडाखाली फिरवायची. ओरखडा, बुडबुडा, बोटाचा ठसा, काहीही दिसलं की बाजूला. आठ तास तेच. घरी गेल्यावरही हाताला चैन नसायची. दुकानात साबण घेतला तरी तिरका धरून बघायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिंपी लग्नात गेला तरी नवरदेवाचा चेहरा सोडून शिवण बघतो, त्यातली गत.

मूळच्या त्या दौंडच्या. वडील रेल्वेत होते, आता घरी भाऊ आणि त्याची मुलंबाळं. रोज रात्री जेवण झालं की हात पुसता पुसता भावाला फोन लावायच्या. "जय भीम, दादा. जेवले. मावशीनं आज तिखट जास्त टाकलंय." मी ऐकते आहे हे बघूनच सांगायच्या.

लग्न का नाही केलं, असं विचारलं की "जमलं नाही" एवढंच म्हणायच्या, आणि असल्या सुरात, की शहाण्या माणसानं पुढचा प्रश्न विचारू नये. मी विचारला. "कुणी बघाय आलं न्हवतं का?"

"आले व्हते की तीन-चार."

"मग?"

"मीच पास केले न्हाईत."

त्या आभाळाच्या नादाला लागल्या त्याला कारण एका वर्तमानपत्राची पुरवणी. ती खानावळीत भाकरीच्या टोपलीखाली अंथरलेली होती. बाईंनी टोपली बाजूला केली, कागद झटकला, आणि माझ्या हातातलं काम थांबवून वाचायला लागल्या. देवयानी नावाचा तारकासमूह आहे. त्यात एक दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, कोट्यवधी ताऱ्यांची. आपल्याला मात्र ती दिसते एका पुसट ठिपक्यासारखी. तिचा उजेड तिथून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. नुसत्या डोळ्यांना सहज दिसणाऱ्या गोष्टींत तिच्याहून लांबचं काही नाही.

"बरं मग?" मी म्हटलं. माझी आमटी उतू जात होती.

"मावशी, मी दिसभर हातभर अंतरावरचं बघती. वीस वर्षं झाली. एकदा तरी लांबात लांबचं बघायचं. आन् माझं मी हुडकून. मोबाइल वर धरून न्हाई, कुणी बोट दाखवून न्हाई."

मला तेव्हा वाटलं, बाईंना ऊन लागलं. आज वाटतं, ऊन मलाच लागलं होतं. कारण आठवड्याभरात मीच त्यांच्याबरोबर खानावळीच्या गच्चीवर उभी राहून मान मोडून घेत होते.

त्यांनी पुण्याहून जुनी दुर्बीण आणली. वाट त्यांनी पाठ केलेली. उत्तरेला शर्मिष्ठा शोधायची, पाच ताऱ्यांची, वाकड्यातिकड्या एम अक्षरासारखी. तिचं एक टोक बाणासारखं असतं, तो बाण जिकडं जातो तिकडं देवयानी. मला ही गोष्ट फार आवडली. पुराणातली शर्मिष्ठा देवयानीची दासी होऊन आली आणि सवत होऊन बसली. म्हटलं, "बघा बाई, सवतीचा पत्ता सवतच सांगणार. तिच्याएवढं लक्ष दुसऱ्या कुणाचं असतंय?"

पण कारेगावचं आभाळ काही रात्री काळं होत नाही. कंपन्यांचे दिवे, हायवेचे दिवे, ढाब्यांच्या माळा. वर पाहिलं की हळद घातलेलं दूध पसरल्यासारखं. त्यात शर्मिष्ठेचे पाचातले तीनच तारे हजर. बाई गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणायच्या, "दिवे आम्हीच बनवायचे, आन् आम्हीच शिव्या घालायच्या."

शेवटी मी म्हटलं, "माझ्या माहेराला चला. राहूला अंधार फुकट मिळतो."

दिवाळीनंतरच्या अवसेला आम्ही गेलो. चंद्र नको म्हणून अवस, हे बाईंचं गणित. अवसेला बायामाणसं रानात कशाला, हे माझ्या वहिनीचं. आणि बिबट्याचं काय, हे आप्पाचं. उसाला तोडी चालू होत्या, आणि तोड सुरू झाली की बिबट्या बिथरतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आप्पा बॅटरी घेऊन खळ्याच्या कडेला राखणीला बसला, आणि दर दोन मिनिटांनी उसावर झोत मारायला लागला.

"आप्पा, बॅटरी बंद करा की!" बाई कळवळून म्हणाल्या. "डोळ्यात अंधार मुरू द्या. अर्धा तास तरी लागतोय. एकदा उजेड पडला की पहिल्यापासनं."

"आन् बिबट्या आला म्हंजी?"

"त्याला बी दाखवू."

आप्पानं बॅटरी विझवली. लोणचं मुरावं तसा अंधार मुरला. आणि मग आभाळ असं उघडलं की मी गप्प झाले, यावरूनच काय ते समजा. मग दुर्बीण माझ्या हातात आली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. एक पुसट पांढुरका गोळा. मी ओरडले. आप्पा धावला. बाईंनी दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "व्हय. हाय काहीतरी. धुकट."

मी परत पाहिलं. देवयानी बाभळीवर होती. गोठ्याच्या पत्र्यावर होती. वहिनीनं दुर्बीण लावली आणि विचारलं, "वन्सं, मला बी दिसली, पर ती म्हशीच्या पाठीवर कशी बसली?"

आप्पानं दुर्बीण काढून घेतली, खांद्यावरच्या टॉवेलनं डोळ्याकडचं भिंग पुसलं आणि परत दिली. "घ्या. पुसली तुमची देवयानी."

आम्ही पोट धरधरून हसलो. वहिनी तर खाली बसली. बाई हसल्या नाहीत. त्या रात्री मग ढग आले, आणि आम्ही झोपलो.

सकाळी परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून त्या बसून होत्या. मी दोनदा म्हशीचा विषय काढला. तिसऱ्यांदा काढणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मावशी, तो डाग मला दिसला न्हाई."

"मलाबी कुठं दिसला?"

"तुमचं काम न्हाई ते."

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला. गेल्या काही महिन्यांत त्यांनी माझे दोन पाण्याचे जग पाडले होते. वरच्या फळीचा कोपरा त्यांच्या कपाळाला नेहमी लागायचा. पोरं म्हणायची, इन्स्पेक्टरबाई वाटीतला डाग बघतात आणि दारात आपटतात. मीही त्यात हसायचे. "कुठं लक्ष असतंय बाई?" असं वर ओरडायचे. म्हातारी आज सांगते, ती तेव्हाची मावशी फार बडबडी होती आणि तिला समोरचं कमी दिसायचं.

बाईंनी स्वतःच रजा टाकली आणि पुण्याला डोळे दाखवून आल्या. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. त्यांनी मला खानावळीत पोळपाटाशी बसून समजावलं, जसं कारखान्यातल्या लाइनवरच्या एखाद्या खराब पीसबद्दल सांगावं तसं. "मधलं दिसतंय, म्हणून कळत न्हाई. कडा जातात. माझी वरची कड गेलीय. गेलेलं परत येत न्हाई. थेंब टाकून ऱ्हायलेलं धरून ठेवायचं. किती दिवस धरंल, ते डॉक्टर बी सांगत न्हाईत."

मग म्हणाल्या, "आन् मावशी, ती देवयानी कडेनंच दिसती."

हे मला नंतर कळलं. पुसट वस्तूकडं अंधारात सरळ बघितलं की ती विरघळते. नजर जरा बाजूला ठेवली की डोळ्याच्या कडेला ती येते. म्हणजे बाईंचं जे जात होतं, नेमकं तेच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, थंडी संपायच्या आत परत जाऊ. त्या म्हणाल्या, थंडी कशाला, पुढच्या अवसेलाच जाऊ. आणि घरी जाताना दारात आपटल्या नाहीत. हात पुढं करून, चौकट चाचपून गेल्या. ते बघणं मला जड गेलं.

पुढची अवस मार्गशीर्षातली. थंडी अशी, की आप्पानं आपली घोंगडी न मागता दिली आणि बॅटरी न सांगता विझवली. वहिनीनं अंगणातला बल्ब काढूनच ठेवला होता. लांब एका गुऱ्हाळाचा तेवढा तांबूस उजेड. अंधार पडून थोडाच वेळ झाला होता, आणि शर्मिष्ठा उत्तरेला लख्ख, पाचही तारे हजर. बाण धरून मी वर गेले, नजर जरा बाजूला ठेवली, आणि या खेपेला खरंच दिसली. दुर्बिणीशिवाय. मी या वेळी ओरडले नाही. तोंडात पदराचा बोळा घातला.

"दिसली वाटतं," बाई म्हणाल्या. "कुठं ते सांगू नका."

"न्हाई सांगत."

"बोट बी नका करू."

मी दोन्ही हात घोंगडीत घातले. हातांना एवढी शिक्षा मी आयुष्यात कधी दिली नव्हती.

बाई बघत राहिल्या. बाण बरोबर धरत होत्या, तोंडानं पुटपुटत होत्या, आणि ऐन जागेवर आल्या की अडत होत्या. "न्हाई. न्हाई दिसत." परत पहिल्यापासून. परत "न्हाई."

"सरळ बघू नका," मी म्हटलं. "आमच्या काळी नवरा बघायचो तसं बघा."

"म्हंजी कसं?"

मग मी सांगितलं. मला बघायला आले तेव्हा वर मान करायची सोय नव्हती. मी पोह्यांचं ताट खाली ठेवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं मावेल तेवढं पाहिलं. मावला एक कान. चांगला मोठा, लांब पाळीचा कान. मी आत जाऊन आईला सांगितलं, मुलगा पसंत आहे. तीस वर्षं संसार केला मी त्या कानाशी, आणि गंमत अशी की ऐकायचं काम त्यानं कधीच केलं नाही.

बाई हसल्या. खाट हलेपर्यंत हसल्या. त्या महिन्यातलं ते पहिलं हसू. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मावशी, मी कोपऱ्यातनंच बघतीय. पर माझा वरचा कोपराच गेलाय न्हवं. नजर खाली ठिवली की ती वरच्या कडंला जाती, आन् तिथं काय न्हाईच."

"मग वर ठेवा."

"ठिवायला बघती. पर बाणाच्या मागं मागं वर जायची सवय लागलीय, नजर खालीच थांबती."

मग त्या उठून बसल्या. उशी उचलली, खाटेच्या दुसऱ्या टोकाला टाकली आणि उलट्या झोपल्या. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला.

वहिनी किंचाळलीच. "अवो बाई! उत्तरंला डोकं? मढं ठिवत्यात तसं! आन् ती बी अवसेला!"

"मढ्याला एवढं आभाळ दिसत असंल तर हरकत न्हाई," बाई म्हणाल्या. "गप बसा जरा. आता माझं वरचं खाली आलंय."

वहिनीनं पदर डोक्यावर ओढला आणि देवाचं नाव घ्यायला लागली. मी दम धरून बसले. गुऱ्हाळाच्या बाजूनं उकळत्या रसाचा वास येत होता. बाईंचं पुटपुटणं सुरू झालं, शर्मिष्ठा, बाण, पुढं, आणखी पुढं. आणि थांबलं.

मी विचारलं नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण नाही विचारलं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "गोल न्हाई ती. लांबट हाय. तिरकी. काचंवर हळूच हा केलं की वाफ धरती बघा, तशी. मधी दाट, कडंला इरत गेलेली."

मी तिचा आकार त्यांना सांगितला नव्हता. आप्पानं नाही, वहिनीनं नाही.

"मावशी."

"काय?"

"लाइनवर असती तर मी हा पीस रिजेक्ट केला असता."

एवढं म्हणाल्या आणि पुन्हा बघत राहिल्या. मध्येच हरवायची, मग त्या पहिल्यापासून सुरू करायच्या आणि पुन्हा गाठायच्या. चौथ्या का पाचव्या वेळेला त्यांना बाणही लागला नाही; सरळ तिच्यापाशी गेल्या. वहिनीला मग राहवलं नाही. तीही घोंगडी घेऊन आली आणि उत्तरेला डोकं करून बाईंच्या शेजारी आडवी झाली. आप्पा म्हणाला, "आता बिबट्यानं तुमाला उचललं तर मी कुणाला तोंड दावू?" पण बॅटरी त्यानं लावली नाही.

सोमवारी बाई स्वतः साहेबांकडं गेल्या आणि डोळ्यांचं सांगून टाकलं. त्यांना तपासणीवरून काढून स्टोअरला दिलं. तिथं त्यांनी आणखी काही वर्षं काढली. माझ्या वाट्या मात्र त्या शेवटपर्यंत उजेडात धरायच्या, आणि नंतर नंतर धरताना मान वर करून, हनुवटी पुढं काढून, डोळ्यांच्या खालच्या भागातून बघायच्या. नवीन पोरांना वाटायचं बाई फार गर्विष्ठ आहेत, सगळ्यांकडं नाक वर करून बघतात. मी एकाला भाकरीच्या उलथन्यानं समज दिली होती.

पुढं त्या दौंडला भावाकडं गेल्या. मीही खानावळ बंद करून न्हावऱ्याला मुलाकडं आले. एकदा मी दौंडला जाऊन त्यांना भेटले. ओट्यावर बसल्या होत्या, मान वर. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं की तोंडावरून, ते मी विचारलं नाही. चहा आला. त्यांनी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ओके." मग दिवसभर आम्ही दोघींनी मिळून सगळ्या जगाला नावं ठेवली. देवयानीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "न्हावऱ्याला अजून अंधार हाय ना, मावशी?" मी म्हटलं, "हाय की, लई." खरं तर आमच्याही चौकात आता उंच खांबावरचा दिवा आलाय, आणि माझी गुडघेदुखी मला गच्चीवर चढू देत नाही. पण ते कशाला सांगायचं?

गेल्या थंडीत एका सकाळी दौंडहून फोन आला. बाईंच्या भावाची मुलगी बोलत होती. आत्या काल संध्याकाळी गेली. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. रात्रीच सगळं उरकलं.

मी त्या पोरीवर चिडले. दुःख झालं की मी आधी चिडते, ही माझी जुनी खोड. म्हटलं, मुलानं गाडी काढली असती, तासा-दीड तासात पोचले असते मी. तोंड तरी बघितलं असतं. रात्री मी कुठं जाणार होते? पायावर गोधडी घेऊन टीव्हीसमोर मालिका बघत बसले होते, फोन मांडीवरच होता. "रात्रीच का न्हाई केलास गं फोन?"

ती म्हणाली, "आत्याचंच सांगणं व्हतं, आजी. न्हावऱ्याच्या मावशींना काय बी कळवायचं झालं तरी अंधार पडल्यावर फोन लावायचा न्हाई. मोबाइलचा उजेड डोळ्यात गेला, तर त्यांना परत अर्धा तास थांबावं लागंल."